मी लावलेलं कुंकू

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे. भावाला संशय आहे, पण संशयाचं काय, तो आला तसा विरतोही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती तर केव्हाच एका माणसाला सांगून मोकळी झाले असते. तो माणूस विक्रोळीला राहतो, माझा बाप आहे, आणि त्याच्या घरी मी दर रविवारी जेवायला जाते.

कुठून सुरू करू? मी चांगली मुलगी आहे, इथून करते, म्हणजे जरा सोपं जाईल. आईच्या आजारपणात मी सगळं केलं. रजा टाकून बोरिवलीचं घर सोडून विक्रोळीला येऊन राहिले. तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, तिच्या उलट्या काढल्या. बिल्डिंगमधल्या बायका अजून म्हणतात, लेक असावी तर सुजातासारखी. मी ऐकून घेते. काय करणार, ते खोटं थोडंच आहे?

पण हे मी उगाच लांबण लावते आहे. आधी आई कोण होती ते सांगायला हवं.

आई मढची. कोळ्यांची मुलगी. तिची आत्या भांडुपला दिली होती आणि सुकी मासळी घेऊन विक्रोळीच्या बाजारात बसायची. आई तिच्या मदतीला म्हणून आली आणि इकडचीच झाली. बाबा तेव्हा कारखान्यात लेथवर होते. रोज सुके बोंबील घ्यायला यायचे. बाबांना बोंबील आवडतच नाहीत, हे आईला लग्नानंतर कळलं. मग इतके दिवस नेलेत त्यांचं काय केलंत, असं ती त्यांना आमच्यासमोर विचारायची, आणि बाबा लाजायचे.

बाबांचं घराणं साताऱ्याकडचं, आजोबांच्या वेळेपासून बौद्ध. आईच्या माहेरी हे कळलं आणि दार बंद झालं. मामा येऊन सांगून गेला की ज्याच्या नावाचं कुंकू लावतेस त्याला आमच्या घरात नाव नाही. आई मोरीत गेली, चेहरा धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, हे घे, आता कुणाच्याच नावाचं लावत नाही. बाबा तिला नंतर समजावत राहिले, अगं, तुला सवय आहे, तुला आवडतं, राहू दे, मी कुठं काही म्हणतोय? आईनं ऐकलं नाही. सुरुवातीला तो राग होता, असं तीच सांगायची. पुढे ती पौर्णिमेला विहारात जायला लागली, वंदना शिकली, बायकांच्या मंडळात बोलायला लागली, आणि रागाचा निश्चय झाला. आमच्या वस्तीत कितीतरी बायका टिकली लावतात, मंगळसूत्र घालतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. आई मात्र नाही म्हणजे नाही. कपाळावर लहानपणचा गोंदणाचा हिरवा ठिपका होता तेवढाच. त्याबद्दल म्हणायची, हे मला विचारून केलेलं नाही, जे विचारून केलं ते माझं.

म्हणजे पाहा, ते रिकामं कपाळ ही तिची कमाई होती. दुसरं काय होतं तिच्याकडे स्वतःचं? हे सगळं मला माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं.

आता माझं सांगते. इथे मला जरा अडखळायला होतं.

अंधेरीला नोकरी करत होते, तिथे समीर भेटला. बोरिवलीचा, मूळ रत्नागिरीकडचा, घरी पाच दिवसांचा गणपती. समीरला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, घरी हळूहळू सांगू ना यार, एकदम नको. तोवर आई कोळी आहे एवढं सांग, ते काय खोटं नाही. खरंच, खोटं नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. सुजाता हे नावही कुठेही चालून जातं. सासूबाईंनी विचारलं, तुम्ही कोण, मी म्हटलं, आई मढची कोळी. वडिलांचं विचारायच्या आत मी चहाला उठले.

त्या चहापासून मी उठतेच आहे. एकदा टीव्हीवर कसलीशी बातमी चालू होती आणि सासरे म्हणाले, ह्या लोकांना सगळं फुकट पाहिजे. मी पोळ्या वाढत होते. आणखी एक वाढू का, असं मी त्यांना विचारलं. तुम्ही म्हणाल, त्या क्षणी काय वाटलं? काही वाटलं नाही हो. भीती वाटली की माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं तर नाही ना.

लग्न रजिस्टर केलं, नंतर हॉटेलात जेवण. सासूबाईंनी आईच्या कपाळाकडे पाहिलं. मी आधीच तयार होते. म्हटलं, आईला टिकलीची ऍलर्जी आहे, कुंकवाचीही, पुरळ येतं. आई शेजारीच होती. तिनं पापड मोडला आणि खाल्ला. परत जाताना आईबाबांना रिक्षात बसवून दिलं तेव्हा आई माझ्या कानाशी म्हणाली, ऍलर्जी चांगली शोधलीस. आणि हसली. ते हसणं म्हणजे माफी, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली. सासरची माणसं विक्रोळीच्या घरात कधी आली नाहीत, मी येऊ दिली नाहीत. भेटीगाठी बाहेर, नाहीतर आमच्याकडे. आईबाबा यायचे, गणपतीच्या दिवसांत तेवढे यायचे नाहीत. सासूबाईंना सांगायचे, बाबांची शिफ्ट आहे. बाबा निवृत्त झाल्यावर सांगायला लागले, गुडघे दुखतात.

मग आईला लिव्हरचं दुखणं निघालं. मोठ्या हॉस्पिटलात सगळं करून झालं आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं.

एका दुपारी बाबा औषधं आणायला गेले होते. राहुल, माझा धाकटा भाऊ, कामावर. मी ओल्या फडक्यानं आईचं अंग पुसत होते. तिनं माझं मनगट धरलं. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. म्हणाली, "काशीमावशी येईल माहेरचं लुगडं घेऊन. कुंकू घेऊन येईल. तिला बोलू नको काही, तिचा जीव आहे. पण माझ्या कपाळाला हात लावू देऊ नको. पांढरी साडी कपाटात वर ठेवली आहे. वंदना नीट होऊ दे." मी म्हटलं, आई, कशाला आत्ता हे. ती म्हणाली, "राहुल भांडत बसेल, तुझे बाबा रडत बसतील. तू करशील, म्हणून तुला सांगते."

तू करशील.

मी हो म्हटलं. हे लिहिताना माझ्या लक्षात येतं आहे की मी तिला फडकं पिळता पिळता हो म्हटलं, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. पाहिलं असतं तर काही फरक पडला असता का? नसता पडला. उगाच आपलं.

त्यानंतर ती फारशी बोलली नाही आणि एका सकाळी, चहाच्या वेळेला, गेली. बाबा तिच्या पायाशी बसले होते.

आता जे झालं ते मी ओळीनं सांगते, नाहीतर परत भरकटेन. आधी मी राहुलला म्हटलं, लिफ्ट लहान आहे, वर माणसं मावणार नाहीत, आईला खाली कंपाउंडमध्ये ठेवू. त्याला पटलं. सगळ्यांना पटलं. कशी सुचतात ना एकेक कारणं, शहाण्या बाईला? खरं कारण वेगळं होतं. वर हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर आहे आणि तिच्याखाली आईबाबांचा विहारातला फोटो. आई जाऊन तास झाला नव्हता आणि मी सासरच्यांना घराचा जिना चढू द्यायचा नाही याची व्यवस्था लावत होते.

शेजारच्या बायकांनी वर घरातच आईला आंघोळ घातली. कपाटातली पांढरी साडी काढली. राहुलनं बौद्धाचार्यांना बोलावलं होतं, ते येऊन खाली खुर्चीवर बसले होते. तेवढ्यात मढहून काशीमावशी आली. मामा हयात असेतोवर त्याच्या धाकानं जिनं बहिणीचं नाव घेतलं नव्हतं, ती आता हिरवं लुगडं, बांगड्या, ओटीचं सामान आणि कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी होती. सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेरचं, तो मान तिला द्यायचा होता. तिनं आईकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला. मग बाबांसमोर येऊन म्हणाली, "दाजी, माज्या बहिनीला उघड्या कपालानं नाय जाऊ द्यावाची मी. ह्यं माहेरचं लुगरं हाय. एवरा तरी करू द्या मना."

बाबा शांतपणे म्हणाले, "काशी, तुझं दुःख मला कळतं. लुगडं तिच्या अंगावर पांघर, मी नाही म्हणत नाही. पण कुंकू नको. ती जशी जगली तशी जाईल."

बघा, बाबांनी किती सोपं करून दिलं होतं. काशीमावशीचंही मन राहत होतं, आईचंही. मी फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर माझा हात कुणी धरला नसता.

आणि माझा फोन वाजला. समीर म्हणाला, आईबाबा निघालेत, काकाही आहेत बरोबर, पवईपर्यंत आलेत, मी थांबवू नाही शकलो गं. पवई म्हणजे आलेच की. मला एकदम सगळं दिसलं. पांढऱ्या साडीतली आई, रिकामं कपाळ, खुर्चीवरचे बौद्धाचार्य, पालीतली वंदना, हात जोडून म्हणणारा बाप. आणि समोर सासरे, पोळीची वाट पाहत बसलेले असतात तसे.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, आईनंच सांगितलं मला परवा. कुंकू लाव म्हणाली."

राहुल वळून म्हणाला, "काहीही बोलू नको. आई असं म्हणणारच नाही."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कसं म्हणाली?" आणि माझ्या तोंडून, बिलकूल न अडखळता, वाक्य आलं. "म्हणाली, जाताना मला माझ्या आईसारखी पाठव."

कुठून आलं ते? मी काही लेखक नाही. आयुष्यात मला वाढदिवसाच्या कार्डावर चार ओळी सुचलेल्या नाहीत. पण ते वाक्य असं आलं, जणू जिभेखाली तयार ठेवलं होतं. काशीमावशीनं मला मिठी मारली. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचा चेहरा मी तुम्हाला सांगणार नाही, सांगता येत नाही म्हणून नव्हे, मी नीट बघितलाच नाही म्हणून. थोड्या वेळानं उठले आणि राहुलला म्हणाले, "शेवटची इच्छा आहे तिची. त्यात माझं-तुझं काय?" बायकांना पांढरी साडी परत घडी करायला सांगितली. स्वतः खाली जाऊन बौद्धाचार्यांच्या पाया पडले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. ते भले गृहस्थ, एक शब्द न बोलता चपला घालून निघून गेले.

करंडा काशीमावशीनं माझ्यापुढे धरला. म्हणाली, लेकीच्या हातानं लाव. मी लावलं. ठळक लावलं, लांबून दिसेल असं. गोंदणाचा ठिपका त्याखाली गेला.

मग आईला खाली कंपाउंडमध्ये आणलं. सासूबाई आल्या, त्यांनी आईला नमस्कार केला, डोळ्यांना पदर लावला आणि मला जवळ घेऊन म्हणाल्या, "भरल्या कपाळानं गेल्या, नशीबवान. ऍलर्जी होती ना त्यांना... आता काय त्याचं." मला आतून हसू फुटलं, आणि ते दाबताना मी रडले. सगळ्यांना वाटलं, आता लेकीचा बांध फुटला.

स्मशानात बाबा सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते काय म्हणत होते ते मला कळत होतं. तिला आता वंदना नको आहे असं समजून ते ती चोरून म्हणत होते.

इथे संपलं असतं तर मी कदाचित ही गोष्ट पचवली असती. माणूस काय काय पचवतो. पण ते संपत नाही.

बाबा विहाराच्या समितीत होते, पौर्णिमेची वंदना घ्यायचे. ते सोडलं. कुणी विचारलं तर म्हणाले, जिच्याबरोबर संसार केला तिलाच पटवू शकलो नाही, लोकांना काय सांगू? आईच्या फोटोला रोज सकाळी कुंकू लावतात. बाजारातून पुडी स्वतः आणतात. एक वर्ष काशीमावशीबरोबर कार्ल्याला एकवीरेच्या डोंगरावर चढून आले, त्या गुडघ्यांनी. देवळात गेलात का, मी विचारलं. म्हणाले, नाही, बाहेर बसलो, तिच्या वतीनं काशीनं ओटी भरली. राहुल यावरून त्यांच्याशी भांडला. आता त्याचं येणं कमी झालं आहे. म्हणजे मी एका वाक्यात बाबांची बायको नेली, मुलगा नेला आणि ज्यावर उभे होते ती जमीनही नेली. आणि रविवारी त्यांच्यासाठी मटण घेऊन जाते.

आणखी एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, "तुझ्या माहेरी बुद्धपौर्णिमेला खीर करतात ना गं? कशी करतात?" माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला काय माहीत नव्हतं होय? लग्नाच्या वेळीच कुणीतरी सांगितलं होतं. ह्यांना नाही बोलले. तू सांगत नाहीस तर आपण कशाला, म्हटलं." त्यांना वाईट वाटत होतं का, राग होता का, मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी सोललेला लसूण माझ्यापुढे सरकवला आणि विषय बदलला.

म्हणजे लपवायला काही उरलेलं नाही. सासरे गेले. समीर म्हणतो, आता सांगून टाक ना बाबांना. त्याला वाटतं, मी फक्त सासरच्यांपासून लपवण्यासाठी कुंकू लावायला हो म्हटलं. ते वाक्य माझं आहे हे त्यालाही माहीत नाही. आता मला कुणाची भीती आहे? सासरची नाही, समाजाची नाही. बाबा माझ्याकडे ज्या नजरेनं बघतील त्या नजरेची आहे, बस. आईसाठी मी जी धास्ती घेतली नाही ती स्वतःसाठी घेते आहे.

परवाच्या रविवारी जेवण झाल्यावर बाबा खुर्चीत बसले होते. मी भांडी आवरत होते. त्यांनी मला हाक मारून समोर बसवलं. म्हणाले, "सुजाता, खरं सांग. मी कधी तिला अडवलं होतं का गं? कुंकवावरून? मला आठवतं तसं मीच म्हणालो होतो, राहू दे म्हणून. पण आता वाटतं, तसं म्हणालो नसेन. माणूस आपल्या सोयीचं लक्षात ठेवतो."

ते म्हणाले होते. आईनं मला कितीदा सांगितलं होतं. मी म्हटलं, "नाही बाबा, तुम्ही नाही अडवलं."

"मग चाळीस वर्षं मला का नाही बोलली?"

खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आऊट नाही म्हणून भांडत होतं. मला वाटतं, बाबा थांबले होते. मला तेवढा वेळ होता. पुरेसा होता.

मग ते म्हणाले, "परत एकदा सांग, कसं म्हणाली."

"जाताना मला माझ्या आईसारखी पाठव."

त्यांनी मान हलवली. विचारलं, तेव्हा ती रडत होती का.

मी म्हटलं, नाही बाबा, हसत होती.